सोडायचं कधी

एकतीस वर्षं नुकिनाबाईंनी
एकच प्रश्न धरून ठेवला:
चहाचा पेला दुसऱ्याच्या हातात देताना
नेमका सोडायचा कधी?

पहिल्या यंत्रमानवाने तीनशे बारा पेले फोडले.
तुकडे मी झाडले, मोजलेही मीच.
दुसरा सोडायलाच तयार नव्हता.
तोयामाच्या वृद्धाश्रमात हिसाए आजी
पेला ओढत राहिल्या, मग हसून म्हणाल्या,
"आमच्या ह्यांच्यासारखाच दिसतोय, चिवट."
हे वाक्य शोधनिबंधात बसलं नाही,
तळटीपेतूनही परीक्षकांनी काढायला लावलं.

अनुदानं आली, आटली.
यंत्राचे गुडघे बदलले,
पुढे बाईंचेही.

हिसाए आजी गेल्या त्या आठवड्यात
तो रोज चारला त्यांच्या खोलीत जायचा,
रिकाम्या खुर्चीपुढे पेला धरून थांबायचा.
प्रोग्राममध्ये चार ओळींचीच दुरुस्ती.
बाईंनी ती शुक्रवारपर्यंत केली नाही.

आज त्या निवृत्त झाल्या. बाहेर कमरेएवढा बर्फ.
प्रयोगशाळेच्या किल्ल्यांचा जुडगा
त्यांनी माझ्यापुढे धरला,
मी घेतला.
म्हणजे, घेतला असं मला वाटलं.
त्यांची बोटं अजून
माझी पकड जोखत होती.