ओगराळं

कागदावर त्याचं नाव डिपर.
आम्ही ओगराळं म्हणतो.
पांढऱ्या एनॅमलचं, लांब दांड्याचं,
पंगतीत वरण वाढायला चाललं असतं असं.
महापालिकेनं दिलं मला, सही घेऊन,
टॉर्च आणि खडूच्या डबीसकट.

नागपुरात उन्हाळा जातो, कूलर जात नाही.
सप्टेंबरातही खिडकीला लटकून असतो,
वाळा कुजलेला, टाकीत वीतभर पाणी,
जूनमध्ये कोणीतरी विसरलेलं.

दिवसाला साठ घरं.
बेल, कुत्रा, मग आतून: कोण आहे जी?
कार्पोरेशन. डेंग्यूचं बघायचं आहे.
कालच त येऊन गेले ना तुमचे लोकं!
काल कोणी आलं नव्हतं.
गेटच्या खांबावरची तारीख मागच्या महिन्याची,
माझ्याच अक्षरात.

अळ्यांचं सांगते.
पाण्याला आडवी चिकटून असेल ती मलेरियाची.
तिरपी कललेली, ती गटारातली, हत्तीपायाची.
आणि ही कूलरमधली, नितळ पाण्याची शौकीन,
जवळजवळ सरळ लोंबते डोकं खाली करून,
उजेड पडला की तळाला पळते.
कोण कसं टांगलंय त्यावरून जात ओळखायची,
उइके साहेबांनी एका दुपारीत शिकवलं.
सोपं आहे.
लोक तर न बघताही ओळखतात.

घर क्रमांक एक्केचाळीस.
बाईंनी साखळी न काढताच दार उघडलं.
नाव विचारलं. सांगितलं.
पुढचं?
तेही सांगितलं.
मग थोडं थांबून,
तो डाव धुतलेला आहे ना पण?

धुतलाय, म्हटलं.
सकाळपासून तो चौतीस घरांच्या पाण्यात बुडाला होता.
बंगल्याच्या हौदात, वॉचमनच्या ड्रमात,
देवळामागच्या टाक्यात,
फवारणीवाल्या शब्बीरभाईंच्या मावशीच्या रांजणात.
हे काही मी बोलले नाही.
बुडवला. वर काढला. टॉर्च धरला.

सतरा.
पांढऱ्या तळावर सतरा जणी वळवळत होत्या.
अगं बाई, त्या म्हणाल्या,
आमच्याकडे तर रोज दोनदा फरशी पुसतात!

टाकी कलती केली. पाणी फरशीवरून
उन्हात गेलं आणि तिथंच संपलं.
मागच्या हौदात गप्पी सोडले, वीस,
प्लास्टिकच्या पिशवीचं तोंड सोडून.
त्यांचा नातू, कैरव, उकिडवा बसला काठावर:
ह्यांना खायला काय द्यायचं?
काही नाही रे. तुमच्याकडचंच खातात ते.

मग फॉर्म. रकाना चौथा.
शब्द माझा नाही, छापून आलेला आहे,
विभागाचा आहे, सगळ्या झोनमध्ये तोच चालतो.
दूषित घर.
त्यापुढे मी टिक केली.
बाई माझ्या खांद्यावरून वाचत होत्या,
इतक्या जवळून पहिल्यांदाच.
असं कशाला लिहिता हो?
सात दिवसांनी परत येईन, म्हटलं,
कोरडं असलं तर खोडते.
आमच्यात खोडायची सोय आहे.

त्या रात्री घरी फ्रिज ओढून मागचा ट्रे पाहिला.
तीन निघाल्या.
पोरगी हसून लोळली.
आमच्याही दारावर खडूनं तारीख टाकली,
फॉर्मात आमचंही नाव चढवलं,
उइके साहेब म्हणाले, स्वतःचं कोणी लिहितं काय बाप्पा!

पुढच्या मंगळवारी कैरव गेटवरच उभा.
पिल्लं झाली! मोजताच येत नाहीत,
हलतात सारखी. तुम्ही मोजा ना.
साखळी लावलेलीच होती.
आम्ही बाजूच्या बोळातून मागे गेलो.
मी ओगराळं त्याच्या हातात दिलं.
दोन्ही हातांनी दांडा धरून त्यानं ते
हळूच हौदात सोडलं,
वर आलं तेव्हा त्यात आभाळ होतं
आणि एकही पिल्लू नव्हतं.

कैरव, आतून आवाज आला, हात धुऊन ये.
हो, तो म्हणाला,
आणि परत बुडवलं.