किड्यांची बाजू

कॅनडा कॉर्नरला, झेरॉक्सच्या दुकानावर,
जिना चढून गेलं की डावीकडे
मुनाफ कोकणींचं दुकान. पाटी नाही.
दारावर चिकटवलेला एक ग्रह, कोपऱ्यातून सुटत आलेला.

मी विचारलं, सुरुवात करायची तर कोणती फौज घेऊ?
त्यांनी आधी चहा सांगितला.
मग काचेच्या कपाटातून एकेक काढून
हिरव्या कापडावर ठेवत गेले, सराफ ठेवतो तसे.

हे लोहव्रती. दहा नग, फौज तयार.
जाड चिलखत, एकच रंग फासा, चुका झाकल्या जातात.
नवख्यानं हेच घ्यावं, आणि सगळे हेच घेतात,
म्हणून ओझरपासून देवळालीपर्यंत
लोहव्रती लोहव्रत्यांशीच लढतायत.

हे धूमकेतूवरचे दलाल. लांबून मारतात,
कुणी जवळ आलं की संपले.
ही यंत्रं. मेली की उठतात.
समोरचा कंटाळतो, मग तुम्हीही.

आणि जिंकतं कोण?

मार्चपर्यंत यंत्रं, ते हसले.
नियमांची नवी आवृत्ती आली की दुसरं कुणी.
जिंकणाऱ्याच्या मागे लागाल तर दर वर्षी
नव्यानं लग्न केल्यासारखं होईल, ताई.
रात्री अकराला, हातपाय धुऊन बसल्यावर
ज्याच्याकडे बघावंसं वाटेल, ते घ्या.

खालच्या फळीवर, मागे, धुळीत एक खोका होता.
ते नको, म्हणाले. थवा आहे. किडे.
पाचशे गुणांना चौसष्ट नग.
रंगवता रंगवता माणूस खेळ सोडतो.

मी एक उचलला.
वाटाण्याएवढं डोकं, जबडा उघडा.
वर अकरा, खाली नऊ.
सुळे वेगळे, दाढा वेगळ्या.
ज्यानं साचा घडवला त्याला दात कळत होते.

अठरा वर्षं मी दात रंगवते.
गंगापूर रोडला, लॅबच्या बेसमेंटमध्ये,
तीन शून्यच्या ब्रशनं, सिरॅमिकच्या कॅपवर:
मुळाशी पिवळसर, मध्ये राखाडी,
कडेला जेमतेम दिसेल असा निळा.
डॉक्टर चिठ्ठीवर छटेचा नंबर लिहितात.
माणूस मला दिसत नाही.
पांढराशुभ्र द्या, असा निरोप येतो अधूनमधून.
मी देत नाही. शेजारचे दात चहाचे असतात.
माझं काम चांगलं झालं
की ते कुणालाच दिसत नाही.

खोका साडेचार हजारांचा.
मुनाफभाईंनी धूळ पुसली, चारशे कमी केले,
आणि पैसे मोजतानाही म्हणाले, लोहव्रती बघा एकदा.

थंडी संपेपर्यंत एकोणीस झाले.
अंगं सगळी एकाच काळ्या स्प्रेची,
पाय तर मी रंगवलेच नाहीत.
दात मात्र ज्याचे त्याचे.
एक तंबाखूवाला.
एक लहानपणी बोअरचं पाणी प्यायलेला,
खडूसारख्या ठिपक्यांचा.
एकाला माझ्या भावाची फट दिली, पुढच्या दोघांमधली.

पहिला डाव रविवारी, एकोणिसांचाच;
मुनाफभाईंनी गुण जुळवून दिले.
समोर शाल्मली गायधनी, इयत्ता नववी.
तिचे लोहव्रती तीन.
तिसऱ्या फेरीपर्यंत माझे सोळा गेले.
आडोसा कशाला म्हणतात तेच मला कळलं नव्हतं,
मी सगळ्यांना उघड्यावरून पळवत होते.

मेलेले उचलून ती टेबलाच्या कडेला
ओळीनं लावत होती. एकाशी थांबली.
ट्यूबलाइटखाली धरला, चष्मा वर केला.
काकू, म्हणाली,
किड्याच्या दाताला कीड लागलीय.

खालची डावी दाढ, मी म्हटलं.

तिनं फासे बाजूला ठेवले
आणि उरलेले पंधराही
एकेक करून, तोंड आपल्याकडे वळवून, बघितले.