पस्तीस ग्रॅम

शिरोड्याच्या आमच्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे
जिन्याखालची खोली. एक तराजू, वजनांची पेटी,
त्यातलं दोन ग्रॅमचं वजन हरवलेलं
आणि त्याच्या खाचेत कुणीतरी बसवलेला चिंचोका.
वातीचा स्टोव्ह. लोखंडी कपाट,
ज्याचं दार खारा वारा वर्षानुवर्षं कुरतडत होता.

पेडणेकर बाईंनी त्या दाराचा गंज
पट्टीने खरवडून कागदावर घेतला.
"हे लोखंड आहे का?"
आम्ही म्हणालो, हो. मग म्हणालो, नाही.
"दोन्ही उत्तरं लिहा. खोडू नका."

पुढच्या सोमवारी: एक लिटर समुद्राचं पाणी आटवा,
मागे राहील ते तोला.

मी पुस्तक आधीच चाळलं होतं. पस्तीस ग्रॅम.
माझं पातेलं करपलं, मीठ तडतडून
अर्धं स्टोव्हवर उडालं,
आणि मी लिहिलं: पस्तीस.
सुवाच्य. खाली दोन रेघा.

जयवंती मिठबावकरने लिहिलं अठ्ठावीस पूर्णांक चार.
मागच्या बाकावरून कुणी बोललं,
मिठागरवाल्याच्या पोरीकडेच मीठ कमी!
वर्ग खिदळला. तिने खोडरबर हातात घेतलं.

बाईंनी ते काढून घेतलं.
"पाणी कुठलं?"
"खाडीचं. तरीच्या धक्क्यावरनं."
"भरती होती की सुकती?"
"…"
"लिहिलं नाहीस."
"ते पण लिहायचं असतं?"
"तेच तर."

माझ्या वहीत लाल शाईत फक्त एवढं आलं:
हे कुणी मोजलं?

मग आठवडाभर आम्ही दोघं.
तेच पातेलं, तोच स्टोव्ह, तोच तराजू,
बदलायचं ते फक्त पाणी.
सुकतीचं: सत्तावीस पूर्णांक नऊ. अठ्ठावीस पूर्णांक सहा.
भरतीचं: चौतीस पूर्णांक एक.
म्हणजे समुद्र खाडीत शिरताना खारट असतो
आणि नदी त्याला हळूहळू फोडणीचं पाणी घालते,
असं मी लिहिलं. बाईंनी फोडणी खोडली.
"निष्कर्षात स्वयंपाक नको."

जयवंतीच्या बापाने आमच्या पुड्या बघितल्या,
बोट बुडवून चाखलं आणि थुंकला.
"ह्यां सगळां मीठ न्हय.
आदी चुनो बसता, मागसून मीठ,
आणि उरता तां कडू. तुमी तिनय एकत्र तोललास."
बाईंचा नियम होता, प्रयोगशाळेतलं काही जिभेला लावायचं नाही.
तरी शनिवारी त्या स्वतः मिठागरावर गेल्या,
चपला हातात घेऊन, बांधावरून तोल सांभाळत,
आणि त्याच्यासमोर वही उघडून बसल्या.
त्याने वाफे दाखवले. त्यांनी लिहून घेतलं.
कोण शिकवत होतं ते सांगता येत नव्हतं.

एकच आकडा कशातच बसला नाही.
शुक्रवारचा, भरतीचा: सदतीस पूर्णांक दोन.
जयवंती म्हणाली, मीठ ओलं असेल.
पुन्हा तापवलं, पुन्हा तोललं. छत्तीस पूर्णांक सहा.
मी म्हणालो, चिंचोका! कुणीतरी दोन ग्रॅम समजून टाकला असेल.
चिंचोका तोलला. एक पूर्णांक एक.
हिशेब जवळ आला, पण जुळला नाही.
शिवाय त्या दिवशी तोललं होतं मीच,
आणि चिंचोक्याला हात लावल्याचं मला आठवत नव्हतं.
आठवत नव्हतं, असंच लिहायला लावलं बाईंनी.
"नाही लावला" असं नाही.

आता मी कुडाळला विहिरींचं पाणी तपासतो.
बाटलीवर आधी गाव, वेळ, कुणी भरलं, मग बाकीचं.
कधी एखादा आकडा पुस्तकासारखा गुळगुळीत येतो,
तेव्हा मी तो परत मोजतो.

ती वही जयवंतीकडे आहे. मध्ये भेटली
तेव्हा विचारलं, शुक्रवारचं काही लागलं का गं?
हसली. म्हणाली, पान पिवळं पडलंय,
प्रश्नचिन्ह अजून निळं आहे.