नावासकट वीस किलो

एक एप्रिलला आम्ही सगळे नव्यानं नोकरीला लागलो.
नेमगोंडा चौगुले, वय सत्तावन्न, रुजू दिनांक एक एप्रिल.
इलाही मुजावर, दोन्ही गुडघे गेलेले, रुजू दिनांक तोच.
मी, कॅलिब्रेशनची खोली, बावीस वर्षं,
माझाही तोच.
बिल्ल्यावर आता सहा आकडी नंबर आहे.
आधी मी एकोणीस होते.

कुपवाडला गेटवरची पाटी क्रेननं उतरवली
तेव्हा मागं भिंतीचा जुना रंग निघाला,
फिकट पिस्ता, बरोबर पाटीएवढा.
वॉचमन मान वर करून बघत राहिला.
"आता ह्ये कशानं उतरवायचं?"

मगदूम आण्णांवर राग नाही.
पोरं टोरांटोला, हृदयात दोन स्टेंट.
शेवटच्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले,
चिमट्यानं पाच ग्रॅमचं वजन उचललं,
मखमलीत होतं तिथंच परत ठेवलं
आणि गेले.

पुण्याहून तन्मयी नावाची मुलगी आली. चांगली होती.
म्हणाली, आपण आता एका मोठ्या कुटुंबात आहोत.
इलाहीनं विचारलं, "मग सासू कोण?"
तीही हसली. उत्तर ईमेलवर येणार होतं.
जाताना दोन किलो भडंग घेऊन गेली.

खोटं कशाला बोलू, पगार वाढला.
आईच्या मोतीबिंदूचे पैसे विम्यातून आले,
एकही फेरी न मारता.

तुम्ही पेढीवर पाहिलं असेल:
रिकामं पातेलं ठेवतात, बटण दाबतात,
काटा म्हणतो शून्य.
पातेलं असतंच की तिथं.
खालच्या लोडसेलवर त्याचा भार असतोच,
आकड्यात तेवढा येत नाही.

आणि पातेलं उचललं
की काटा वजा दाखवतो.

जूनमध्ये नेमगोंडा गेला. सोसवेना म्हणाला, एवढंच.
हळदीच्या पेठेत कुणाच्या काट्यात
पिवळी भुकटी नेमकी कुठं बसते,
तासगावात बेदाण्याच्या कुठल्या स्टोरेजला
उंदीर केबल खातात,
हे तो कुठं लिहून ठेवणार होता?
त्याच आठवड्यात तासगावहून तीन फोन आले.
पुण्यानं तिघांना तिकीट नंबर दिले.

मग आदेश: जुनं नाव जिथं जिथं असेल
तिथून काढावं, फोटो पाठवावेत.
गणवेशावरचं उसवलं. टाकीवरचं रंगवलं.
पावतीपुस्तकं रद्दीत.
मी कळवलं: बिडाची प्रमाण वजनं, वीस किलोची, चाळीस नग.
नाव ओतीव आहे, उठावाचं.
घासलं तर वजन कमी भरेल.
उत्तर आलं, स्टिकर लावा.
स्टिकर दीड ग्रॅमचा आहे, मी लिहिलं,
एका ग्रॅमच्या वर फरक चालत नाही.
मग रंग द्या.
रंगालाही वजन असतं, सर.

चार दिवस काहीच नाही.
पाचव्या दिवशी एक शब्द: नोटेड.
नोटेड म्हणजे राहू दे,
की पुढच्या तिमाहीत भंगारात,
ते अजून कळलेलं नाही.

सकाळी आठला मी हातमोजे घालते,
हाताच्या घामाचा ओलावा लोखंडाला लागू नये म्हणून.
वाकून पहिलं वजन उचलते.
कापडातून बोटांना लागतं, म,
मग ग, मग दूची शेपटी, मग परत म.
पडद्यावर वीस, पुढं तीन शून्यं.

शेजारून इलाही म्हणतो,
"कंबर सांभाळा, मॅडम,
नवीनच लागलाय तुम्ही."