कंसातला आकडा

आवेलिना टीचरनी फळ्यावर Na लिहिलं आणि विचारलं,
हे कुणाच्या घरात आहे?
आगरवाड्याच्या पोरांनी हात वर केले.
पार्सेच्या डोंगराकडची पोरं बघत राहिली.
मीठ तीही खात होती,
पण हात वर करण्याइतकी त्यांची ओळख नव्हती.

नियम असा:
आधी धातूचं नाव, जसंच्या तसं.
मग अधातूचं, शेपूट बदलून.
क्लोरीन आत आली की क्लोराइड.
"लग्नात बदलतात तसं?" मागून गुणाजी.
"कुणाचं बदलतं ते बघ," टीचर म्हणाल्या,
आणि त्यांचा खडू मोडला.

मी MgCl लिहिलं. खाली लाल रेघ.
मॅग्नेशियमला दोन द्यायचे आहेत,
क्लोरीन एकच घेते,
मग दुसरा कुणाच्या पदरात?
शिल्लक शून्य यायला हवी, बाये.
पसरकाराच्या वहीत ती कधी येत नाही,
इथं यायलाच हवी.

संध्याकाळी मिठागरावर गेले.
पहिल्या कुंडांच्या तळाशी चुन्यासारखं काही बसतं,
त्यानंतरच्यात मीठ,
आणि मीठ ओढून घेतल्यावर उरतं ते पाणी
बाबा मानशीतून नदीला परत देतो.
त्याला तो नुसतं कडू म्हणतो.
मी बोट बुडवून चाखलं.
दोन क्लोरीन. जिभेच्या मुळापर्यंत दोन.
रात्री लाल रेघेखाली छोटा २ काढला.

पुढच्या आठवड्यात रेणू.
इथं देणंघेणं नाही, दोघांचं सामाईक आहे,
म्हणून किती ते नावातच सांगायचं:
मोनो, डाय, ट्राय.
टीचर क्षणभर थांबल्या. म्हापशाला त्यांचा भाचा
दार लावून, जनरेटर चालू ठेवून झोपला होता.
"डायऑक्साइड आपण रोज सोडतो," त्या म्हणाल्या,
"मोनॉक्साइडमध्ये एक ऑक्सिजन कमी."
एवढंच म्हणाल्या.
पाण्याला मात्र नियम लावायचा नाही.
ते आधीपासून पाणी आहे.

मार्चमध्ये पेडण्याला मामलेदारांकडे तारीख.
बाबाचं नाव सोयरू.
पोर्तुगीज कागदावर आजोबांनी सांगितलं आणि
लिहिणाऱ्यानं ऐकलं ते सोइरो.
रेशनकार्डावर सायरू.
कारकुनानं चष्मा वर केला:
हे तिघे एकच, याला पुरावा?

मला लोखंड आठवलं.
त्यालाही दोन क्लोराइडं आहेत, नुसतं नाव पुरत नाही.
आयर्न दोन, आयर्न तीन,
रोमन आकडा कंसात.
लोखंड तेच, पण किती दिलं
ते लिहून द्यावं लागतं.

मी अर्जात लिहिलं: सोयरू उर्फ सोइरो उर्फ सायरू.
कंसात काय लिहू?
चाळीस उन्हाळे? एक गुडघा?
टीचर म्हणायच्या, नाव असं हवं
की त्यावरून सूत्र मांडता यावं
आणि सूत्र बघून नाव.
मी बाबाकडे बघितलं.
कुठूनच सुरुवात होईना.

"अंगठा," कारकून म्हणाला.
बाबानं शाईत दाबला, कागदावर टेकवला.
निळा डाग, त्यात एकही रेघ नाही.
परत. परत डाग.
मिठानं केव्हाच घासून नेल्या होत्या.
"पुढच्या तारखेला या."

बसमध्ये बाबा बराच वेळ अंगठा लुंगीला पुसत होता.
मग विचारलं, तुमच्या पुस्तकात मिठाला काय म्हणतात?
सोडियम क्लोराइड.
त्यानं दोनदा म्हणून बघितलं,
दुसऱ्यांदा बरोबर.
"कुणाचं बदललं म्हणालीस?"
"क्लोरीनचं."
"हं."
शापोऱ्याचं पाणी दिसायला लागलं तेव्हा म्हणाला,
भरती सातला आहे,
मानस लावायला कुणाला सांगितलंय का?