अस्तरातली उधारी

सहा पानांचा घडीचा पडदा,
ताकाओकाच्या एका बंद पडलेल्या तांदूळ-दुकानातून आलेला,
जुन्या रजईत गुंडाळून, टेम्पोत, बर्फाच्या फावड्याशेजारी.
किसाबुरो त्याला आधी हुंगतो.
"उंदीर," म्हणतो. "धूप. आणि याच्या आडोशाला
कुणीतरी बरीच वर्षं कपडे बदललेत."

नदीकाठच्या गावातला एक दिवस आहे त्यावर,
उजवीकडून डावीकडे वाचायचा.
न्हाव्यापुढे मान तुकवून बसलेला गडी,
अडीचशे वर्षं अर्धाच भादरलेला.
मासा पळवणारं कुत्रं, आणि मागे धावणारी बाई,
जिची एक सपाता
घडीपलीकडच्या पानावरच राहिलीय.
पुलाच्या कठड्यावरून मुतणारं पोर.
खाली नावाडी. तो वर बघत नाही, आणि बरंच आहे.

आणि जिकडे तिकडे सोन्याचे ढग.
"ढग म्हणजे चित्रकाराचा कंटाळा," किसाबुरो सांगतो,
"छपरं काढून हात दुखला की ओत सोनं.
गिऱ्हाईकही खूश."

नऊ दिवस ओल देऊन
चित्र सुटतं, भाजल्या वांग्याच्या सालीसारखं.
खाली अस्तर. अस्तर म्हणजे रद्दी,
त्या काळी कोरा कागद कोण पुरून ठेवणार?
कुणा मासेवाल्याची खतावणी, उलटीसुलटी चिकटवलेली,
खळीच्या आंबूस वासाची:

पुलापलीकडची ओनुई — बांगडे तीन. बाकी.
ओनुई — बांगडा एक. बाकी.
ओनुई — नुसती डोकी. बाकी.
मग दोन महिने ओनुईचं नावच नाही.
मग: ओनुई — ताई मासा, मोठा. रोख.
मागली सर्व चुकती.

किसाबुरो चष्मा पुसतो. पुन्हा वाचतो.
त्या रात्री जेवताना मासुएला विचारतो,
काय झालं असेल दोन महिन्यांत?
"मासेवाल्याशीच लग्न लागलं असेल."
"मग रोख कशाला मोजेल?"
"मग नवरा मेला असेल," मासुए म्हणते,
आणि मुळ्याचं लोणचं त्याच्याकडे सरकवते.

ताई मासा सणाचा. एवढंच त्याला ठाऊक.
तो चित्रात परत जाऊन बघतो,
धावणाऱ्या बाईच्या तोंडाकडे, भिंगातून.
तोंड म्हणजे तीन रेघा.
त्यातली एक उंदरानं खाल्लेली.

संग्रहालयाचं पत्र येतं: जुनं अस्तर वेगळं पाठवावं,
नवं अस्तर शुद्ध, कोऱ्या कागदाचं असावं.
तो शुद्ध, कोरा कागद लावतो.
एकावर एक, ब्रशनं थोपटत,
बायका तान्ह्याला निजवतात तसं.
फक्त पाचव्या पानाच्या आत, खालच्या कोपऱ्यात,
हात खळीनं भरलेला असताना
खिशातली एक चिठ्ठी जाते. चुकून जाते असं तो म्हणेल,
कुणी विचारलं तर:
कांद्याची पात दोन जुड्या. टोफू.
जिन्यातला बल्ब, विसरू नका.
मासुएचं अक्षर, घाईतलं, उजवीकडे कललेलं.

वर पुन्हा गाव चढतं. पोर मुतत राहतं.
सपाता घडीपलीकडेच.

संध्याकाळी तो दिवा मालवतो,
भिंत चाचपत एक एक पायरी उतरतो
आणि खालून मासुए हाक देते,
"आज काय म्हणाली तुमची ओनुई?"