रकाना नऊ

मेडिकलच्या कॅज्युअल्टीत, ड्रेसिंग रूमला लागून माझं टेबल.
पंखा तीनवर अडकलेला.
रजिस्टरात रकाने चौदा, नवव्यात हत्यार.
एक म्हणजे धारदार, दोन बोथट, तीन कट्टा,
चार काच, पाच मांजा,
सहा इतर.
नाव लिहायचं नाही. वय, वस्ती, वेळ.

संक्रांतीच्या आठवड्यात पाचच पाच.
गळ्याला रुमाल दाबून स्कूटरवाला येतो,
मागे त्याची पोरगी, मुठीत तिळाचा लाडू,
खात नाही, टाकतही नाही.
धुळवडीला एक आणि चार.
आधी रंग धुवायचा, मग जखम शोधायची.
उईके म्हणतो, कापसाचा ट्रक लागते बाप्पा.

बाया पहाटे येतात. सहा नंबरच्या.
इस्त्री. वरवंटा. कुकरचं झाकण.
"नळावर घसरली मी," म्हणते एक,
आणि दारातला माणूस तिच्याकडं नाही,
माझ्या पेनाकडं पाहतो.

साहेबांनी भिंतीवर शहराचा नकाशा लावला.
दर जखमेला एक टाचणी.
तांडापेठेकडच्या एका वळणावर सात जमल्या,
तेव्हा तिथं दिवा लागला.
पुढच्या महिन्यात टाचण्या
दोन गल्ल्या पलीकडं सरकल्या.

जूनपासून दाराशी शिपाई बसतो.
आकडा निम्म्यावर आला.
साहेबांनी सगळ्यांना तर्री-पोहे मागवले, रस्सा वेगळा.
मी खाल्ले. मग स्टोअरचं रजिस्टर काढून पाहिलं:
टाक्यांचा दोरा
तेवढाच संपला होता.

हे कोणाला सांगितलं नाही.
घरी भाजी चिरताना मात्र
सुरीला नंबर द्यायची सवय लागली आहे.

परवा एक पोरगा आला, सतरा-अठराचा,
दंड कोपरापर्यंत उघडा.
"काय झालं बे?" डॉक्टर निकोसेनी विचारलं.
"पडलो ना सर."
"कायच्यावर?"
त्यानं शिपायाकडं पाहिलं, मग पंख्याकडं.
"चाकूवर," म्हणाला, आणि हसला.
खर्र्यानं लाल झालेले दात, वरचा एक नव्यानंच गेलेला.

नवव्या रकान्यात मी एक लिहिला.
पेन्सिलीनं.
वस्ती लिहिली, वेळ लिहिली, नऊ चाळीस.

दहाला पाच कमी असताना दुसरा आला,
त्याच वस्तीचा, त्याच वयाचा,
पोटावर टॉवेल.
पहिल्यानं त्याला पाहून तोंड फिरवलं.
तोही पडला होता म्हणे.